धोळीच्या फळ्यांची खोली

दुपारची भाकरी झाली की जेराम बारैया केबिनमध्ये जाऊन आडवा व्हायचा आणि थेट समुद्रापार निघायचा. समजुबेन, म्हणजे त्याची बायको, शेजारणींना सांगायची, "आमचे हे रोज दुपारी आफ्रिकेला जाऊन येतात. एक दिवस म्हणून तिथून दोन लवंगा आणतील तर शपथ."

केबिन म्हणजे त्याच्या घराची मागची खोली. आमचं मणार गाव अलंगला लागून, आणि अलंगच्या किनाऱ्यावर साऱ्या जगाची म्हातारी जहाजं मोडायला येतात. त्यामुळे गावात असं घर नाही ज्यात जहाज घुसलेलं नाही. कुणाच्या म्हशी जीवरक्षक होडीत पाणी पितात, कुणाचे देव कप्तानाच्या कपाटात बसलेत. पोपटकाकांच्या संडासाला जे दार आहे ते म्हणे कुठल्याशा बोटीच्या नाचघराचं. काका आत गेले की बाहेरची मंडळी विचारतात, "काका, नाच संपला का?" पण अख्खी खोलीच जहाजाची, असं मात्र एकट्या जेरामचं.

त्याची गोष्ट अशी. जेराम तेव्हा कोवळा होता, मिशी नुकती फुटलेली, आणि गॅसच्या कटरवर नवा लागलेला. पौर्णिमेच्या उधाणाला एक पांढरी प्रवासी बोट आली. पूर्ण वेगात किनाऱ्यावर चढली आणि चिखलात अशी अलगद बसली की जणू सासरहून दमून आलेली लेक. लोकांनी नाव ठेवलं धोळी. धोळी म्हणजे गोरी. तिच्या आतल्या भिंती पांढऱ्या फळ्यांच्या होत्या. बाहेर लोखंड एवढं तापलेलं की पाणी टाकलं तर चर्र व्हावं, आणि त्या फळीला गाल लावला तर माठाला लावल्यासारखं. जेरामने गाल लावला आणि तो तिथेच उभा राहिला. मुकादम ओरडला, "अरे, लग्न करतोस का तिच्याशी?"

त्या काळी कोण विचारतं, काय कुठे जातंय? जेरामने फळ्या उंटगाडीवर घालून घरी आणल्या, बरोबर एक गोल खिडकीही आणली, आणि खोली उभी केली. वैशाखात सारं गाव भाजून निघायचं तेव्हा केबिनमध्ये अंगावर गोधडी लागायची.

आणि स्वप्नं. त्या खोलीत जो झोपला त्याला समुद्र दिसला, यात खोटं नाही. जेरामची बा, म्हणजे त्याची आई, जन्मात तळाजापलीकडे गेली नव्हती, तिने एकदा उठून सांगितलं की ती माशांना रोटला चारत होती आणि मासे वर छास, म्हणजे ताक, मागत होते. जेराम तर रोजचाच खलाशी. त्याच्या स्वप्नात एडन होतं, निळे डोंगर होते, आणि एक बंदर होतं जिथे सगळे लोक उलटे चालायचे. समजुबेनचं स्वप्न मात्र जागेपणीचं. दुपारी गोल खिडकीतून उन्हाची एक तिरीप आत यायची आणि तिच्यात बारीक पांढरं काहीतरी तरंगायचं, पडता पडता पडायचंच नाही. समजुबेनने कॅलेंडरावर काश्मीर पाहिलं होतं. ती म्हणायची, "माझ्या घरात बरफ पडतो."

अशी वर्षं गेली. लेक रसीला त्याच खोलीत वाढली आणि लग्न होऊन महुव्याला गेली.

इकडे किनारा बदलला. आता जहाज आलं की लगेच कटर लावत नाहीत. आधी त्याच्या पोटात काय काय वाईट आहे ते हुडकायचं, तेल उपसायचं, वायू काढायचा, वाळूवर थेंब पडू द्यायचा नाही, कापलेला तुकडा सिमेंटच्या फरशीवरच उतरवायचा. जेरामला कटरवरून काढून एका वेगळ्या टोळीत घातलं. पांढरे कपडे पायापासून डोक्यापर्यंत, तोंडावर मुखवटा, आणि काम काय, तर भिंती सोलायच्या. ते शिकवायला झंखनाबेन होत्या. जहाजं मोडायच्या प्लॉटवर सुरक्षेचं त्याच बघतात. राजकोटच्या आहेत, आवाज गोड, पण कुणी मुखवटा हनुवटीवर घेतला की तोच आवाज कोयत्यासारखा.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक फळी पिशवीतून दाखवली. जेरामला ती लांबूनच ओळखीची वाटली, जशी जत्रेत मेहुणी दिसावी.

"ही गार राहते कारण हिच्यात अॅस्बेस्टॉस आहे," झंखनाबेन म्हणाल्या. "गप्प पडून असली तर गप्प. पण फोडली, खिळा मारला, कड झिजली, की हिची पूड उडते. ती छातीत गेली की बाहेर येत नाही. आज काही होत नाही. वीस-तीस वर्षांनी होतं. म्हणून कोरडी हात लावायची नाही. भिजवायची, सावकाश उतरवायची, दुहेरी पिशवीत बांधायची, आणि ती जमिनीत पक्क्या खड्ड्यात जाते."

जेरामने त्या दिवशी घरी येऊन गोल खिडकीतली तिरीप पाहिली. कोपऱ्यातल्या फळीची कड उंदरांनी खाल्ली होती. बरफ पडत होता.

तो ओसरीवर झोपायला लागला. समजुबेनला वाटलं, पाठ धरली असेल. आणि तेवढ्यात महुव्याहून निरोप आला. रसीलाचा खोळा भरला, म्हणजे ओटीभरण झालं, सातवा लागला, आता ती बाळंतपणाला माहेरी येणार.

समजुबेनच्या अंगात वारं शिरलं. केबिन झाडली, खाट टाकली आणि एक लोखंडी कडी जेरामच्या हातात दिली. "ऐकलंत का, रसीलाचे बापू, ही वरच्या फळीला ठोका. पाळणा इथेच टांगायचा. गारव्यात पोर कसं शेठसारखं झोपेल."

जेराम कडी हातात घेऊन उभा. "इथे नको."

"मग कुठे, पोपटकाकांच्या नाचघरात?"

त्याने सांगून पाहिलं. फळी, पूड, छाती. समजुबेनने कमरेवर हात ठेवले. "पंचवीस वर्षं झोपलात ना हिच्यात? मेलात? तुमच्या त्या बेनला काय, शहरातल्या, तिथे माणसं वाऱ्यालाही घाबरतात. रसीला म्हणाली आहे, बा, मला केबिनच हवी. बापाने दिली नाही असं सांगू तिला?"

आता जेराम हा काही भांडणारा माणूस नव्हे. स्वप्नं बघणाऱ्याला भांडायला फुरसत कुठे? पण स्वप्नं बघणाऱ्याला एक खोड असते, खरं चाललं नाही की तो खोटं सुंदर करून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा बशीत ओतता ओतता तो म्हणाला, "समजु, धोळी आली होती."

"कोण धोळी?"

"बोट. म्हणजे तिच्यातली एक गोरी बाई. पांढरा झगा, ओले केस. म्हणते, माझ्या फळ्या मला परत दे."

समजुबेनच्या हातातली बशी थांबली. जेरामला वाटलं, जमलं. ती घाबरेल, खोली बंद करेल, मग आपण हळूच काय ते करू.

पण मणारची बाई भुताला घाबरून खोली सोडत नाही. ती भुवाला, म्हणजे भूत उतरवणाऱ्या भगताला, बोलावते. मंगळवारी दुपारी नथुबापा भुवा खोडियार मातेचं नाव घेत हजर झाला, मागे डाकलं वाजवणारे दोघे, आणि त्यांच्या मागे निम्मं गाव. नथुबापाची रीत सगळ्यांना ठाऊक. अंगात आलं की तो घुमतो, आणि हातातली लोखंडी साखळी भिंतींवर दणादण मारत भुताला कोपऱ्यात कोंडतो. एकदा त्याने वशराम वाणियाची अख्खी कोठी फोडली होती. भूत गेलं, बाजरीही गेली.

जेराम कामावरून भाकरीला घरी आला तो दारात चपलांचा ढीग. डाकलं वाजत होतं. नथुबापा उंबऱ्यात घुमत होता, साखळी वर गेली होती, आणि समजुबेन पदर पसरून आत, खाटेजवळ.

जेराम धावला आणि उंबऱ्यात हात पसरून उभा राहिला. "बापा, थांबा. मारू नका. भूत नाही."

"सगळे तसंच म्हणतात," नथुबापा घुमता घुमता म्हणाला. "बाजूला हो, भूतच बोलतंय तुझ्या तोंडून."

"भूत नाही हो. मी खोटं बोललो. कुणी गोरी बाई आली नाही. मीच रचली."

डाकलं थांबलं. मागून पोपटकाका म्हणाले, "केसही ओले केलेस तिचे? काय रे तू." आणि जी हसाहस झाली ती पार चौकापर्यंत ऐकू गेली.

समजुबेन हसली नाही. ती बाहेर आली, नवऱ्यासमोर उभी राहिली. "का?"

"खरं सांगितलं ते तू ऐकलं नाहीस."

"पुन्हा सांगा."

मग त्याने पुन्हा सांगितलं, साऱ्या गावासमोर, मान खाली घालून. फळीत काय आहे. साखळीचा एक फटका बसला असता तर काय उडालं असतं, आणि समजु आत उभी होती. शेवटी तिरिपेकडे बोट केलं. "तो बरफ नाही, समजु. ती फळी आहे. आपण बघत बसायचो ना, ती."

समजुबेनने दारातून त्या तिरिपेकडे पाहिलं. त्या बाईकडे जगातलं एकच काश्मीर होतं. मग तिने हळूच, कसलाही वारा होऊ न देता, दार ओढून घेतलं. "गावात स्वतःचं हसं करून घेतलंत," ती म्हणाली, "म्हणजे खरंच असणार. जहाजात काय करता तुम्ही हिचं?"

"भिजवतो."

"मग भिजवा."

नथुबापाने साखळी गळ्यात घातली. "माता पण तेच म्हणत होती," तो म्हणाला. "पाणी शिंपडा म्हणत होती. मलाच नीट ऐकू आलं नाही." त्याला चहा आणि गाठिया मिळाले, तो खुशीत गेला.

झंखनाबेनला जेरामने भीत भीत विचारलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आधी का नाही बोललात?" त्यांनी प्लॉटच्या मालकाशी बोलून टोळी दिली, गाडी दिली. आणि मग गावाने जे पाहिलं ते गाव अजून सांगतं. जेरामच्या घराला प्लास्टिकचं आवरण घातलं, लोकांना चिंचेपलीकडे उभं केलं, आणि आतमध्ये पांढरे कपडे घातलेली माणसं एकमेकांशी न बोलता, पाण्यात चालल्यासारखी सावकाश फिरू लागली. फवारा धुक्यासारखा. आवरणातून उन्हात सगळं दुधाळ दिसत होतं, समुद्राच्या तळाशी काही चालावं तसं. एक एक फळी भिजून उतरायची, पिशवीत जायची, पिशवी दुसऱ्या पिशवीत. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी हातोडा मारला नाही. पोपटकाका हळूच म्हणाले, "एवढ्या हलक्या हाताने तर आम्हाला लग्नात कुणी घोड्यावरून पण उतरवलं नव्हतं."

समजुबेनने गाडी निघताना विचारलं, "हिला खड्ड्यात पाऊस तर लागणार नाही ना?"

"नाही," मुखवट्यामागून जेराम म्हणाला. "वर-खाली पक्कं बांधलेलं असतं."

"बरं," ती म्हणाली, आणि पदराने कपाळ पुसलं.

गोल खिडकी लोखंडाची, ती धुऊन ठेवली. भोवती विटा-मातीच्या भिंती झाल्या, वर देशी नळीची कौलं. रसीला आली, पहिल्याच दुपारी घामाने निथळली आणि म्हणाली, "बा, ही कसली खोली? केबिन कुठाय?"

"गेली," समजुबेन म्हणाली. "तुझ्या बापाला विचारू नकोस. त्यांनी या खोलीपायी भुवासमोर नाक कापून घेतलंय. गोणपाट ओलं करून लाव खिडकीला आणि गप झोप."

तळाजाच्या दवाखान्यात मुलगी झाली. घरी आणली तेव्हा उकाडा असा की पाळण्यात ठेवली की रडायची, उचलली की रडायची, पंखा लावला तर अजूनच. एका दुपारी दोघी बायका थकून ओसरीवर बसल्या, तर आतलं रडणं हळूहळू थांबलं. समजुबेनने दारातून डोकावून पाहिलं. जेराम पाळण्याशी मांडी घालून बसला होता, दोरी ओढत होता आणि कुजबुजत होता. निळे डोंगर, छास मागणारे मासे, ते बंदर जिथे लोक उलटे चालतात. पोर डोळे मिटून ऐकत होतं.

"कुठे पोचलात?" समजुबेनने विचारलं.

"एडनच्या थोडं पुढे."

"हळू न्या," ती म्हणाली. "आत्ताच दूध पाजलंय तिला."