कॅरोलिनाचा भात

केझायाच्या हातचं जेवून कुणी ताटात उष्टं टाकलं, असं फिलाडेल्फियात कधी घडलं नाही. बाई रंगानं काळी, जन्मानं स्वतंत्र आणि जिभेनं तिखट. तिची आई याच शहरातली स्वतंत्र धोबीण, त्यामुळे केझायावर कुणाची मालकी नव्हती. हॅडनबाईंच्या खाणावळीत ती पगारावर राबायची आणि महिन्यातून एकदा नोकरी सोडायची धमकी द्यायची. हॅडनबाई दर वेळी घाबरायच्या.

नवरा क्वाश मात्र कॅरोलिनातल्या भातखाचरांतून पळून आलेला गुलाम. गोदीवर तो जहाजांच्या फटींत डांबर भरायचा. बाहेर त्याचं नाव जोनास, घरात क्वाश.

१७८७च्या त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या राज्याराज्यांचे पुढारी नव्या देशाची घटना लिहायला शहरात जमले होते. सभागृहाच्या खिडक्या बंद, दाराशी पहारा, आतलं अवाक्षर बाहेर बोलायची मनाई. पण पोट कुणाला चुकलंय? जेवायला मंडळी खाणावळीतच येत, आणि वाढणाऱ्या काळ्या बाईलाही कान असतात हे त्यांच्या गावी नसे.

ऑगस्ट संपत आला होता. कॅरोलिनाचा एक जमीनदार आणि कनेक्टिकटचा एक जहाजमालक एकाच मेजावर बसले होते.

"तुमच्या जहाजांच्या सोयीचे व्यापारी कायदे साध्या बहुमतानं होऊ द्यात, आम्ही आडवे येत नाही," जमीनदार म्हणाला. "वीस वर्षं आमची गुलामांची आयात तेवढी अडवू नका."

"मला हे मनापासून पटत नाही बरं का."

"मनाला कोण विचारतंय? मत द्या म्हणजे झालं."

दोघेही हसले. केझायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिनं भात वाढला. तो भात क्वाशनं शिकवलेला. इथले लोक तांदूळ दुधात शिजवून त्याचा चिखल करतात. हिचा दाणा न दाणा सुटा, झाकून निखाऱ्यावर मुरवलेला. या कॅरोलिनावाल्यालाही कळू दे आपला हात, अशी खुमखुमी तिला सकाळपासून होती. नको तिथं मिरवायची हौस, दुसरं काय!

जमीनदारानं एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"हा भात तुला कुणी शिकवला गं?"

"आईनं, साहेब."

"आई कुठली?"

"इथलीच."

"खोटं. असा भात आमच्याच खाचरांवरच्या गुलामांच्या हातचा असतो."

तेवढ्यात दारातून हॅडनबाई कौतुकानं म्हणाल्या, "अहो, तिच्या नवऱ्यानं शिकवलाय! गोदीवर असतो आमचा जोनास. काय हाताला चव आहे त्याच्या!"

केझायाच्या हातात भाताचं भांडं होतं. तिनं ते मेजावर टेकवलं.

"तो बार्बाडोस बेटावरचा, साहेब. मालकानं रीतसर कागद करून सोडलाय त्याला."

"असं? मग उद्या घेऊन ये त्याला. भाताच्या चार गोष्टी बोलू."

"जाऊ द्या हो," जहाजमालक म्हणाला. "परक्या राज्यात कोर्टकज्जे कुठं करत बसता?"

"कालपर्यंत करावे लागत होते. आज घटनेत कलम घालून घेतलं ना! पळालेला माणूस कुठल्याही राज्यात सापडो, मालकाच्या हवाली करायचा. विरोधात कुणी तोंडही उघडलं नाही. तुम्हीसुद्धा."

जहाजमालक भात खाऊ लागला.

केझाया मागच्या दारानं तडक गोदीवर गेली. क्वाश एका जहाजाच्या कडेला डांबर भरत होता. तिनं त्याला बाजूला ओढून सगळं सांगितलं.

"मीच माती खाल्ली रे," ती रडत म्हणाली.

"भात सुटा झाला होता ना?"

"मेल्या, थट्टा सुचतेय तुला?"

"मग काय करू? न्यूयॉर्कला जातो."

"तिथंही हेच कलम."

"बोस्टन?"

"सगळ्या राज्यांत, क्वाश. एकूण एक."

तो दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला. "तिकडून पळालो तेव्हा पायात त्राण नव्हतं, पण उत्तरेला जायचं एवढं तरी ठाऊक होतं. आता कुठं पळू, सांग ना!"

केझायानं समोरच्या इंग्रजी जहाजाकडे पाहिलं. "हे कुठं निघालंय?"

"हॅलिफॅक्सला. इंग्रजांच्या मुलखात, सकाळच्या भरतीला. तिथं या राज्यांचं कलम चालायचं नाही. पण केझाया, तू कशाला येतेस? तू तर स्वतंत्र आहेस. तुला कोण हात लावणार?"

"तुझ्याशिवाय मी भांडू कुणाशी?" ती म्हणाली आणि गाठोडं बांधायला घराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी हॅडनबाईंनी स्वतः रांधलं. जमीनदार दुपारभर गोदीवर जोनासची चौकशी करत फिरला आणि घामाघूम होऊन परतला.

हॅलिफॅक्सच्या थंडीत केझायानं मिरी घातलेलं गरम सूप विकून संसार केला. शेजारणी सगळ्या दक्षिणेतल्या, कुणी व्हर्जिनियातून पळालेली, कुणी जॉर्जियातून. शेकोटीशी बसल्या की एकमेकींना विचारायच्या, तू कुठून पळालीस?

"फिलाडेल्फियाहून," केझाया सांगायची.

"चल, काहीतरीच!" त्या हसायच्या. "अगं, लोक तर पळून तिथं जातात!"

जन्मात कुणी तिला विकलं नव्हतं की विकत घेतलं नव्हतं. त्यांना काय सांगावं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.