मध्यंतराला बदलणारा संघ

श्री. प्रभाकर सावर्डेकर यांची आणि माझी ओळख शाळेच्या मैदानावर झाली. मी गणिताची शिक्षिका म्हणून रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशी, फाटकापासून कार्यालयापर्यंतचे अंतर वाचवावे म्हणून मैदानातून सरळ निघाले. निम्म्यावर पोचले तेव्हा पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ शिट्टी वाजवत माझ्या दिशेने येताना दिसले.

"बाई, कडेनं जायचं. इथे मुख्याध्यापकसुद्धा कडेनं जातात."

"पण इथे कोणी खेळत नाहीये," मी म्हटले.

"म्हणूनच आत्ता पाणी मारलंय. ओल्या मातीवर पाय उमटले की ते तसेच वाळतात, आणि संध्याकाळी त्यावर मुलांचे घोटे मुरगळतात."

मी वळले आणि कडेने गेले. कारण पटले होते. सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला गेला तेव्हा संपादकांना मी एवढेच कळवले की, सरांचे जे म्हणणे मला त्या दिवसाइतके सहज पटले नाही, त्याविषयी मी लिहीन. त्यांच्या साधेपणाविषयी आणि शिस्तीविषयी इतरांनी लिहिले असेलच.

आमची शाळा दिल्लीतल्या मराठी मंडळींनी काढलेली. सर क्रीडाशिक्षक म्हणून आले तेव्हा बहुतेक पालक सरकारी नोकरीत होते आणि जवळच्या क्वार्टर्समध्ये राहत होते. मुले पायी शाळेत येत, शाळा सुटली की दप्तरे भिंतीशी टाकून अंधार पडेपर्यंत फुटबॉल खेळत. संघ उभा करण्यासाठी सरांना कोणाला बोलवावे लागत नसे, घरी पाठवावे मात्र लागे.

नव्वदीच्या दशकात हे बदलले. पालकांनी खाजगी कंपन्यांत नोकऱ्या घेतल्या, कर्जे मिळू लागली आणि गाझियाबाद, नोएडा, द्वारका इथल्या सोसायट्यांत घरे झाली. शाळेने बस सुरू केल्या. शेवटची घंटा झाली की बस निघे आणि मैदान ओस पडे. तोवर मी उपमुख्याध्यापिका झाले होते आणि वेळापत्रक व बस ही खाती माझ्याकडे होती. सर माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, एक बस उशिरा सोडा."

"फुटबॉलसाठी?"

"फुटबॉलसाठी म्हटलं तर तुम्ही देणार नाही. नाटकाची मुलं आहेत, विज्ञान मंडळाची आहेत. त्यांच्या मागच्या सीटवर माझी बसतील."

मी आठवड्यातून तीन दिवस उशिराची बस दिली. मागणी रास्त होती म्हणून दिली. फुटबॉलचे प्रेम मला तेव्हाही नव्हते.

याच काळात नव्या उपनगरांत नव्या शाळा निघाल्या. त्यांच्याकडे हिरवळीची मैदाने होती, पगारी प्रशिक्षक होते. चांगला खेळणारा मुलगा कुठल्याही भागातला असला तरी त्याला फी माफ करून दाखल करून घेत. विभागीय शालेय स्पर्धेत अशा एका शाळेशी आमचा सामना झाला. मी मुख्याध्यापकांच्या वतीने हजर होते. पूर्वार्धातच मी गोल मोजणे सोडून दिले.

त्या पराभवानंतर विभागातल्या क्रीडाशिक्षकांची सभा झाली. सरांनी तिथे सूचना मांडली की शाळांचे दोन गट करावेत. बाहेरून खेळाडू आणणाऱ्या शाळा एका गटात आणि आपल्याच वर्गातल्या मुलांना खेळवणाऱ्या दुसऱ्या गटात. सरांची हिंदी तीस वर्षे दिल्लीत राहूनही मराठीच होती. आम्हांला हरवणाऱ्या शाळेचे प्रशिक्षक राठीसाहेब, मोठ्या शरीराचे आणि मोठ्या आवाजाचे गृहस्थ, हसत म्हणाले, "सावर्डेकर जी, कमज़ोरों की अलग लीग बना दें? फिर उसमें भी तो कोई हारेगा."

"हारेगा ना. लेकिन खेल के हारेगा. अभी मेरे गोलकीपर का एकही अभ्यास होता है, जाली में से बॉल निकालने का."

सभा हसली. राठीसाहेबही हसले. मग ते गंभीर होऊन म्हणाले, "देखिए मास्टरजी, क्वालिटी ऊपर से आती है. दो-चार स्कूल अच्छे होंगे, तो बाकी उन्हें देख के सुधरेंगे."

सर म्हणाले, "हमारे बच्चे बहोत नज़दीक से देखे आपको. अभी तक सुधरे नहीं."

सूचना बाजूला ठेवली गेली. मला राठीसाहेबांचे म्हणणे अधिक बरोबर वाटले आणि परतताना मी सरांना तसे सांगितले. स्पर्धा म्हटली की बलवानाशी लढावे लागते, सोपा गट मागणे म्हणजे परीक्षेत सोपा पेपर मागणे. सर म्हणाले, "बाई, तुम्ही सातवीच्या मुलांना बारावीचा पेपर देता का?" यावर माझे उत्तर असे होते की स्पर्धेत उतरणाऱ्याने आपण सातवीत आहोत असे म्हणू नये. वाद बसथांब्यापर्यंत चालला आणि तिथे अपुरा राहिला.

आमच्या व्यवस्थापन समितीची बैठक कस्तुरबा गांधी मार्गावर एका सदस्यांच्या कार्यालयात भरली. पराभवाची कारणमीमांसा झाली. एक निवृत्त अधिकारी सदस्य म्हणाले की मुलांना रोज मोड आलेले मूग आणि गूळ द्यावा, पंजाबी मुलांशी टक्कर आहे. यावर बराच वेळ चर्चा झाली. गूळ कोल्हापूरचा असावा, असेही ठरत आले. मग मी माझा प्रस्ताव मांडला. फुटबॉलचा संघ स्पर्धेतून काढावा आणि ज्या खेळांत आपली मुले खरोखर बरी आहेत, त्या टेबल टेनिसकडे आणि धावण्याकडे लक्ष द्यावे. सरांनी एक वर्ष मागितले. समितीने ते दिले आणि अट घालण्याचे काम माझ्यावर सोपवले. मी अट घातली: पुढच्या वर्षी संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठावी. न गाठल्यास शाळा फुटबॉलच्या विभागीय स्पर्धेत उतरणार नाही. सरांनी ती वाचली, "स्पष्ट आहे," म्हणाले आणि सही केली.

आता सरांच्या पद्धतीविषयी सांगितले पाहिजे. जो मुलगा आठवडाभर सरावाला न चुकता येई, तो शनिवारच्या सामन्यात खेळे. तो कसा खेळतो याच्याशी त्याचा संबंध नसे. स्पर्धेच्या नियमांत जितके खेळाडू बदलता येत, तितके सर मध्यंतराला बदलत. कोण बाहेर बसणार आणि कोण आत जाणार, हे ते आदल्या संध्याकाळी मुलांना तोंडी सांगत. "उद्या मध्यंतरानंतर तू." एकदा सांगितले की संघ जिंकत असो वा हरत असो, त्या शब्दात फरक होत नसे. ही पद्धत शाळेतल्या आंतरवर्गीय सामन्यांना ठीक आहे, विभागीय स्पर्धेला नाही, असे मी त्यांना अनेकदा सांगितले. ते ऐकून घेत.

त्या वर्षी संघ बरा झाला. उशिराच्या बसने सराव वाढला होता आणि आमच्या नशिबाने पहिल्या फेऱ्यांत जुन्या, आमच्यासारख्याच शाळा समोर आल्या. फिरोज तांबोळी नावाचा कर्णधार बचावाच्या मध्यावर खेळे. वडील रेल्वेत, मूळ गाव साताऱ्याकडचे. मुलगा उंच, शांत, चेंडू कुठे पडणार हे त्याला आधीच कळे. त्याच्या जोरावर आम्ही अशा सामन्यापर्यंत पोचलो, की जो जिंकला असता तर उपांत्यपूर्व फेरी गाठली असती. समोर राठीसाहेबांची शाळा होती.

मध्यंतरापर्यंत आम्ही एका गोलने पुढे होतो. हे माझ्याइतकेच राठीसाहेबांनाही अनपेक्षित असावे, कारण ते शांत उभे होते. मी आमच्या मुलांजवळ गेले. फिरोज बूट सोडत होता आणि त्याच्या शेजारी अनिरुद्ध केळकर नावाचा, चष्म्याला मागून नाडी बांधलेला मुलगा बूट घट्ट करत होता. अनिरुद्ध मनापासून खेळे आणि फार हळू धावे. काय होणार ते मला कळले.

मी सरांना बाजूला घेतले. "सर, आज नको. आजच्या दिवस फिरोजला ठेवा."

"काल सांगितलंय बाई त्याला."

"अट लक्षात आहे ना तुमच्या?"

"आहे. सही माझीच आहे."

"मग हा हट्ट कशासाठी? संघच राहिला नाही तर कुठल्या मध्यंतराला कोणाला खेळवणार?"

सर म्हणाले, "हा मुलगा गाझियाबादहून येतो. जुलैपासून एक सराव चुकला नाही त्याचा. मध्यंतराला बाहेर कोण जातं, ते आपण एक-शून्यवर ठरवायला लागलो, तर राठीसाहेबांचं काय चुकलं?"

मी फिरोजकडे वळले. त्याने तरी काही म्हणावे, अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "मॅडम, आमच्यात असंच असतं. लास्ट मॅचला माझ्यासाठी तो बसला होता ना." मग अनिरुद्धला म्हणाला, "चल, चष्मा नीट बांध यार. तो लाल बूटवाला आहे ना, तो हमेशा उजवीकडेच वळतो. बिल्कुल डावीकडे जाऊ नकोस."

अनिरुद्ध डावीकडे गेला नाही. त्याने त्या लाल बूटवाल्याला दोनदा अडवलेही. तिसऱ्यांदा तो पोचू शकला नाही आणि बरोबरी झाली. शेवटच्या काही मिनिटांत त्यांच्याच बाजूने दुसरा गोल झाला. आम्ही हरलो. मुले रडली. अनिरुद्ध सर्वांत जास्त रडला आणि फिरोज त्याच्या डोक्यावर पाण्याची बाटली रिकामी करत म्हणाला, "रडून चष्मा खराब करू नकोस, आईला काय सांगशील?"

अट माझी होती. मी ती पुढच्या बैठकीत लागू केली. एका गोलचा फरक आहे, आणखी एक वर्ष द्या, असे दोन सदस्य म्हणाले. तेच मूगवाले सदस्य आणि त्यांचे शेजारी. मी नकार दिला. अट फरकाविषयी नव्हती. संघाचे नाव स्पर्धेतून निघाले.

त्याच आठवड्यात आम्ही गाझियाबादला नव्या घरी राहायला गेलो. इमारतीची लिफ्ट सुरू झालेली नव्हती, यजमान दौऱ्यावर होते आणि टेम्पोवाला सामान खाली टाकून निघून गेला. रविवारी सकाळी सर दारात उभे. मागे त्यांचे दोन माजी विद्यार्थी, चांगले दणकट.

"सर, तुम्ही कसे आलात?"

"बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं, बाई शिफ्ट होतायत."

मी म्हटले, "या आठवड्यात तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

"तुमचं कपाट आणि माझा संघ, यांचा काय संबंध? चला रे, कपाट आडवं धरा. वळणावर मागच्यानं खाली बसायचं."

दुपारपर्यंत सामान वर पोचले. सरांनी चहा घेतला, बाल्कनीतून खालच्या मोकळ्या जागेकडे पाहिले आणि विचारले, "ही जागा कोणाची आहे?"

ती सोसायटीची होती. तिथूनच पुढचे सारे झाले. स्पर्धेतून नाव निघाले होते, सराव बंद करावा असे समितीने म्हटले नव्हते, आणि सर ठराव नीट वाचत. आमच्यासारख्याच ज्या शाळांनी हरून हरून फुटबॉल सोडला होता, त्यांच्याकडे ते स्कूटरवर गेले. शनिवारी सामने सुरू झाले, कधी आमच्या मैदानावर, कधी गाझियाबादच्या त्या जागेवर. करंडक नाही, गुणतक्ता नाही. नियम एकच, सरांचा. जितके येतील तितके खेळतील आणि मध्यंतराला संघ बदलेल. पंच मिळेनात, तेव्हा गणेशोत्सवाच्या जेवणात भेटलेली, मुनिरकात खोली घेऊन स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी परभणी-लातूरकडची मुले त्यांनी गाठली. "आठवडाभर बसून पाठ मोडते, शनिवारी शिट्टी घेऊन धावा," म्हणाले. सामना संपला की सरांच्या घरी सौ. सावर्डेकरांच्या हातचे पोहे. त्या पंचांतले काही पुढे जिल्ह्यांचे अधिकारी झाले, काही झाले नाहीत. पोहे दोघांनाही तेवढेच मिळाले.

काही वर्षांनी राठीसाहेबांचा निरोप आला. त्यांच्या शाळेत निवडीतून गळलेली पुष्कळ मुले होती आणि त्यांना खेळायला जागा नव्हती. त्यांना शनिवारी पाठवू का, असे ते विचारत होते. सर म्हणाले, "भेजो. लेकिन मध्यंतर में बदलना पड़ेगा." राठीसाहेबांनी मान्य केले.

गुणवत्ता म्हणजे काय, या वादात मी इतकेच नोंदवते. राठीसाहेबांच्या शाळेने करंडक जिंकले आणि ते तिने कष्टाने जिंकले. आमच्या शाळेने एकही जिंकला नाही. मात्र त्या वर्षांत आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांत, आणि पुढे मुलींतही, संघातून कधीच न खेळलेले मूल शोधावे लागे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतली कोणती मोठी, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. सरांना मात्र तेव्हाही सांगता येत होते.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले होते. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, पाय समोरच्या स्टुलावर होता. मी सरळ विचारले, "सर, त्या दिवशी फिरोजला ठेवलं असतं, तर आपण जिंकलो असतो ना?"

"जिंकलो असतो," ते म्हणाले. जरासुद्धा थांबले नाहीत.

"मग अजूनही तुम्हांला बरोबरच वाटतं?"

"हो. आणि तुम्हांला?"

"मला अजूनही चूक वाटतं."

"बसा मग," सर म्हणाले. "चहा टाकायला सांगतो."

आम्ही अंधार पडेपर्यंत बोललो. त्यांनी एक मुद्दा मला नव्याने सांगितला, ज्याचे उत्तर माझ्याकडे आज नाही. ते मी शोधते आहे. सापडायला वेळ लागेल, आणि त्यानंतर त्यांचे प्रत्युत्तर येईल, याची मला खात्री आहे. हा वाद घाईने मिटावा असे आम्हा दोघांनाही वाटत नाही. तेव्हा श्री. सावर्डेकर सरांचे गुडघे लवकर बरे होवोत, शिट्टी वाजवण्याइतका दम त्यांच्या छातीत राहो, आणि माझे म्हणणे त्यांना पटेपर्यंत त्यांना निरोगी आयुष्य लाभो. मी त्यांना ओळखते. त्यामुळे हे आयुष्य फार मोठे असेल.