करीमचाचांनी राखून ठेवलेली चौथी बाजू

करीमचाचांच्या सलीमचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभा राहून दारावर दगडी पाटी बसवायच्या खुणा करत होतो. ‘‘काका, अब्बा गेले. सकाळीच.’’ ‘येतो’ म्हणालो, आणि तरी पेन्सिलीनं आणखी एक खूण केली. कशासाठी, अजून कळत नाही... महिना झाला, खूण तशीच आहे.

करीमचाचा आमच्या आष्टीतले जुने अर्जनवीस, लोकांचे अर्ज-दस्त लिहून देणारे. निजामाच्या अमलातली घराजमिनीची उर्दू खतं वाचणारे गावात तेवढेच उरले होते. निवृत्तीनंतर मला घराचा इतिहास शोधायची खाज सुटली, तसा आजोबांच्या ट्रंकेतला कागदांचा गठ्ठा घेऊन मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. सात कागद. मी मास्तर माणूस, त्यामुळे मोठा शिक्का असलेला तोच आपल्या घराचा, हे आधीच ठरवून टाकलं. चाचांनी भिंग लावून वाचला: सात खणांचं घर, परसात आड. माझं घर पाच खणांचं, आडाचा पत्ता नाही. ‘‘दोन खण पडले असतील,’’ मी म्हणालो. आडासाठी परसात तीन ठिकाणी खणलं, त्यात बायकोची कढीपत्त्याची दोन झाडं गेली. दोन वर्षं चाचा ऐकून घ्यायचे, चहा सांगायचे. मी मात्र गावभर पणजोबांच्या सातखणी घराच्या गोष्टी सांगत सुटलो आणि जालन्याहून तसं कोरलेली दगडी पाटीही करून आणली.

ती दाखवायला गेलो, तर चाचांनी ते खत पुन्हा भिंगाखाली धरलं. ‘‘मास्तर, यात पूर्वेला मारुतीचं देऊळ लिव्हलंय. तुमच्या पूर्वेला काय हाय?’’

‘‘पिठाची गिरणी.’’

‘‘मंग देऊळ चालत गेलं का? हे खत पलीकडच्या गल्लीतल्या देशमुखांच्या घराचं हाय. तुमच्या आजोबाकडं सांभाळायला दिलं असंल. तेवढा भरवसा होता त्यांच्यावर.’’

म्हणजे दोन वर्षं मी दुसऱ्याच्या घराचा इतिहास शोधत होतो. हसायची गोष्ट होती, पण मी रागावलो. ‘‘डोळे गेलेत तुमचे, चाचा,’’ म्हणालो आणि पाटी उचलून निघालो. डोळे खरंच चालले होते त्यांचे, माझेच कागद वाचून वाचून. तीन आठवडे मी तिकडे फिरकलो नाही. पाटी बसवायला काढली ती निव्वळ हट्टानं.

दफनानंतर चार दिवसांनी सलीमनं गठ्ठा आणून दिला. ‘‘शेवटचे आठ दिवस हेच करून राह्यल्ते. म्हणलं अब्बा, आराम करा. तर म्हणे, मास्तर रुसलेत, त्यांचं खरं घर शोधून देतो.’’

सातांतला सगळ्यात लहान, उंदरानं कुरतडलेला कागद वर होता. त्याला टाचलेलं, थरथरत्या अक्षरातलं मराठी. पणजोबांचं नाव. मातीचं घर, खण पाच. पूर्वेला तेल्याचा घाणा, पश्चिमेला रस्ता, उत्तरेला चिंच आणि पडीक जागा. दक्षिणेला... तिथं चाचांनी लिहिलं होतं, ‘‘या, बसा, मंग सांगतो.’’

जालन्यात उर्दू वाचणारे पुष्कळ आहेत. कागद खिशात घालून दोनदा एसटीत बसलो, दोनदा परतूरला उतरून माघारी आलो. पाटी न्हाणीत कपडे आपटायला दिली आहे. सकाळी दारात उभा राहतो. घाण्याच्या जागी गिरणी सुरू होते, मागे चिंच नाही, पण पडीक जागा आहे. मग दक्षिणेकडे वळतो, चैन पडत नाही, चपला घालून चाचांना विचारायला निघतो, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर गेल्यावर थांबतो.