कशावरून सर

संगणकांच्या युद्धांचा अभ्यास करण्यात ज्यांचं निम्मं आयुष्य गेलं, ते आमचे सर स्वतःचा पेनड्राइव्ह दुसऱ्या कुणाच्याही संगणकाला लावू देत नसत. "त्याला बाहेर जेवायची परवानगी नाही," असं म्हणायचे. घरच्या संगणकाला त्यांनी इंटरनेट दिलेलंच नव्हतं. त्याच्यावर लिहायचं, घरच्याच प्रिंटरवर छापायचं, आणि कागद कापडी पिशवीत घालून, सायकल हातात धरून चालत चालत आमच्या दुकानात यायचं. सायकलवर ते कधी बसले असतील तर मी पाहिलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, "पुण्याच्या वाहतुकीत चालवण्यापेक्षा तिला सोबत आणणं बरं. दोघंही धड घरी पोचतो."

दुकान नारायण पेठेत. झेरॉक्स, मराठी टायपिंग, बाइंडिंग. मालक आप्पा, आणि कामाला मी एकटा. मी भंडारा जिल्ह्यातला. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. वडील गेले, घरात कमावणारं कोणी नव्हतं. मग इकडे तिकडे करत पुण्यात आलो. आप्पांनी काम दिलं आणि दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा दिली. आई फोनवर 'जय भीम' म्हटल्यावर पहिलं हेच विचारायची, "नोकरी आहे ना रे?" मलाही रोज सकाळी तीच धाकधूक. मी मुळातच घाबरट. शटर वर करताना आवाज जास्त झाला तरी वाटायचं, आता हे काढतात आपल्याला.

सरांना पेठेत सगळे 'कशावरून सर' म्हणत. कारण त्यांच्यासमोर काहीही बोला, पुढचा शब्द ठरलेला. "सर, आज पाऊस येणार." "कशावरून?" "सर, मंडईत कोथिंबीर स्वस्त झालीय." "कशावरून?" एकदा आप्पा वैतागून म्हणाले, "अहो, सकाळी मी स्वतः आणली, माझ्या बायकोने निवडली!" सर शांतपणे म्हणाले, "मग पुरावा भक्कम आहे. मान्य."

मला ते 'अहो रामटेके' म्हणायचे. पुण्यात तोवर मी 'ए', 'अरे' आणि 'तो झेरॉक्सवाला' होतो. पहिल्यांदा त्यांनी हाक मारली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, या आडनावाचं आणखी कोण उभं आहे म्हणून. त्यांचं लिखाण बरंचसं इंग्रजीत असे, पण व्याख्यानांसाठी मराठीतही लिहायचे. झेरॉक्स चालू असताना त्यातलं एखादं पान मला वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "कळलं?"

"हो जी."

"कशावरून?"

संपलं. आता आपल्या शब्दांत सांगा. मी त त प प करायचो. ते यंत्राला टेकून उभे राहायचे, घाई कसली ती नाही. मला सांगता आलं नाही, तर पान परत पिशवीत. "तुमचं चुकलेलं नाही. आमची वाक्यं फार शिकलेली आहेत, त्यांना जरा खाली बसवतो," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच पान सोपं होऊन यायचं. शाळेत न कळणं हा माझा गुन्हा असायचा. सरांकडे तो पानाचा असायचा.

एक देश दुसऱ्या देशाची वीज, दवाखाने, बंदरं नुसत्या संगणकावरून कशी बंद पाडू शकतो, आणि त्यातून खरं युद्ध कसं पेटू शकतं, हा त्यांचा विषय. पण त्यांना हल्ल्यापेक्षा हल्ल्यानंतरच्या पहिल्या तासांची काळजी जास्त. ते समजावून सांगायचे, "रामटेके, माझ्या खिडकीवर दगड आला. कुठून आला? जोश्यांच्या गच्चीवरून. मग जोश्यांनीच मारला ना?"

"हो जी."

"जोशी गावाला गेलेत. त्यांच्या गच्चीवर दुसराच कोणी चढला होता. आता मी जोश्यांच्या काचा फोडल्या तर? तोफ कुठून डागली ते धुरावरून कळायचं. इथे धूरच नाही. आणि दगड मारणारा सापडला नाही, की माणसं आधीपासून न आवडणारा चेहरा शोधतात. राष्ट्रंही तेच करतात, फक्त कोट घालून."

"मग असं काहून करतात जी? करायचं तरी काय?" माझी भाषा अशा वेळी भंडाऱ्याला पळते.

सरांना माझं 'का'ऐवजी 'काहून' फार आवडायचं. "करायचं एवढंच. आधी आपल्या घरात बघायचं, दार उघडं कुणी ठेवलं होतं. मग फोन उचलून समोरच्याशी बोलायचं. आणि चूक त्याचीच निघाली, तरी त्याला परत फिरायला वाट ठेवायची. वाट नसली की माणूस पुढेच येतो." हे ते इतक्या आनंदाने सांगायचे, जणू शांतता हा एखादा पदार्थ आहे आणि त्याची कृती त्यांना साधली आहे.

मग ते सगळं एका सकाळी आमच्याच दुकानात घडलं.

दिवाळी तोंडावर होती. दिवाळीनंतर माझी बायको सुजाता गावाहून पुण्याला यायची होती. लग्न झाल्यापासून आम्ही फोनवरच संसार करत होतो. एक खोली बघून ठेवली होती, तिने तिकडे भांडी बांधायला घेतली होती. त्या सकाळी मी संगणक चालू केला तर पडद्यावर लाल चौकट, इंग्रजीत काहीतरी, आणि खाली पैशाची मागणी. एकही फाइल उघडेना. एका संस्थेची स्मरणिका आम्ही महिनाभर टाइप करत होतो, तीही गेली.

आप्पा आले, बघितलं, आणि माझ्याकडे वळले. "काय केलंस?"

"मी काही नाही केलं जी."

"मग काय मी केलं? दुकानात दुसरं आहे कोण? रात्रंदिवस इथेच असतोस. काय काय बघत असशील त्याच्यावर! बाहेरच्या माणसाला ठेवलं की हे असं. संध्याकाळपर्यंत सामान उचल."

डोळ्यांपुढे फक्त सुजाताने बांधलेली भांडी. मी माळ्यावर जाऊन खरंच पिशवी भरायला लागलो. निर्दोष आहे हे माहीत असूनही भरायला लागलो, कारण आपलं कोण ऐकणार, ही सवयच.

तेवढ्यात खालून सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. सरांनी आप्पांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रामटेक्यांनी केलं, कशावरून?"

"सर, आत्ता नको हां ते! माझी स्मरणिका गेलीय."

"म्हणूनच आत्ता. स्मरणिका गेली, आता माणूसही घालवायचा असेल तर निदान बघून घालवू." मग वर बघून म्हणाले, "रामटेके, खाली या. यांच्या संगणकाला मी हात लावणार नाही. मी बोट दाखवतो, तुम्ही बघा."

आधी इंटरनेटची वायर काढायला लावली. मग ते पडद्यापासून हातभर लांब स्टुलावर बसले, एखाद्या साथीच्या रोग्याला तपासावं तसे. पडद्याच्या कोपऱ्यात गणपतीचं एक छोटं चित्र होतं. "हे काय?" मला माहीत नव्हतं. आप्पा म्हणाले, "ते काही नाही. कुंडलीचं आहे. मंडईजवळच्या एका मित्राने फुकट दिलं. लग्नपत्रिका छापायला आलेल्यांना जरा गुण जुळवून देतो, गिऱ्हाईक खूश होतं."

"कधी घातलंत?"

"दसऱ्याला. पूजा झाल्यावर. मुहूर्त चांगला होता."

"घालताना काही अडचण?"

"जरा ते अँटिव्हायरस मधे मधे करत होतं. मित्र म्हणाला बंद कर, म्हणून केलं."

"दसऱ्याला रामटेके कुठे होते?"

आप्पा समोरचे कागद उगाच सारखे करायला लागले. दसऱ्याला मी दर वर्षी नागपूरला असतो, दीक्षाभूमीवर. आप्पांना ते चांगलं माहीत होतं, कारण येताना त्यांच्यासाठी मी संत्र्याची बर्फी आणतो आणि ती तेव्हाही त्यांनी एकट्याने संपवली होती.

सर लगेच मला म्हणाले, "रामटेके, तीन चहा सांगून या."

चहा सांगायला कितीसा वेळ लागतो? मी स्वतःच कप घेऊन परत आलो तेव्हा दोघांची पाठ माझ्याकडे होती. आप्पांचा आवाज पडलेला. "म्हणजे मीच दार उघडून दिलं. आता त्या पोराला काय तोंड दाखवू? सामान उचल म्हणालो हो त्याला."

"काही बोलू नका. माफीबिफी तुम्हाला जमणार नाही, भांडण वाढेल. चहा आला की पहिला कप त्यांच्यापुढे करा. मोठ्या मोठ्या राष्ट्रांचं यावर भागतं."

"आणि लोकांना?"

"लोकांना सांगा, बाहेरून हल्ला झाला. ते खोटंही नाही. फक्त एक विचारू का आप्पा? एवढं मोठं संकट येणार, ते त्या कुंडलीत दिसलं कसं नाही?"

मी मुद्दाम खाकरलो. आप्पा वळले, ट्रेमधला एक कप उचलला, आणि माझ्याकडे न बघता पुढे केला. "घ्या रामटेके." आप्पांच्या तोंडून मला 'घ्या' म्हणून आलेला तो पहिला चहा. मी तो इतक्या घाईने घेतला की अर्धा बशीत सांडला. सर म्हणाले, "सांडू द्या. तह झाला की थोडं सांडतंच."

पैसे कोणालाही द्यायचे नाहीत, हे सरांनी ठणकावलं. संगणक पुसून पुन्हा सुरू करावा लागला. स्मरणिकेची तपासायला काढलेली पानं मात्र कागदावर होती. सरांना त्याचा झालेला आनंद काय सांगू! "बघा, कागदाला विषाणू लागत नाही. वाळवी लागते, पण ती निदान दिसते." मग मी टाइप करायचा, आप्पा वाचून दाखवायचे, आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेवर बोलायला ज्यांना दिल्लीला बोलावलं जायचं ते सर आमच्या दुकानात स्टुलावर बसून 'अध्यक्षीय मनोगत' तपासायचे. "हे अध्यक्ष 'समाजाचे ऋण' फार वेळा फेडतात. एकदा फेडलं की पुरे," म्हणत काट मारायचे. इतकं हसत मी कधी काम केलेलं नाही. स्मरणिका वेळेवर गेली.

पुढे आप्पा गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायला लागले, "आमच्यावर सायबर हल्ला झाला होता. परदेशातून!" देश दर आठवड्याला बदलायचा. सर बाजूला उभे असले तरी हे सगळं गंभीर चेहऱ्याने ऐकायचे. त्या एकाच वाक्याला त्यांनी कधी 'कशावरून' विचारलं नाही. वाट ठेवली होती ना, मग त्या वाटेवरून माणसाला सुखाने चालू द्यायचं.

सुजाता आली. पहिल्याच रविवारी आम्ही सरांना आणि आप्पांना जेवायला बोलावलं. तिने आमच्याकडची पाटोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्सा भाजी केली, झणझणीत. पहिल्या घासाला सरांचा चेहरा लाल, नाक वाहायला लागलं. मी घाबरून पाण्याचा तांब्या पुढे केला. सर डोळे पुसत म्हणाले, "या हल्ल्याचा उगम मात्र छातीठोकपणे सांगता येतो." आणि भाजी पुन्हा मागून घेतली.

नंतर सरांच्या मुलीची बदली नागपूरला झाली आणि ती त्यांना घेऊन गेली. पेठ सोडताना ते फारसं काही बोलले नाहीत. सायकल मला दिली आणि "चालवू नका" म्हणाले. तिकडून त्यांचे फोन येतात. मी इथे, ते माझ्या मुलखात. आम्ही जणू गावंच बदलून घेतली. उन्हाळ्यात म्हणाले, "रामटेके, इथे माणसं घामाघूम होऊन म्हणतात, आज जरा बरं आहे. ही खरी संरक्षणसज्जता." अभ्यास चालूच आहे. मराठी पान लिहिलं की फोनवर वाचून दाखवतात, आणि आता सुजाताही ऐकायला बसते. तिला नाही कळलं तर ती सरळ "नाही कळलं" म्हणते. मला अजून तेवढं धाडस होत नाही.

परवा तिने त्यांना विचारलं, "सर, पुण्याला कधी येता? इथे आता तुमचं घर नाही, कोणी नाही, म्हणून येत नाही का?"

सर म्हणाले, "कोणी नाही कसं? पुण्यात माझं म्हणून कोणीतरी राहावं, यासाठी तर मी त्या दिवशी आप्पांशी भांडलो."

सुजाताने फोन माझ्या हातात दिला. मी त त प प करायला लागलो, आणि सरांनीही घाई केली नाही.