उष्टा बोल्ट

माझ्या नवऱ्याला गटाराची किळस येत नाही, पालीची येत नाही, स्वतःच्या काळ्या नखांची तर मुळीच नाही. त्यांना किळस येते ती जुन्या बोल्टची. गाडीचं चाक धरून ठेवणाऱ्या सांध्यात एकदा आवळला गेलेला, ताण खाल्लेला बोल्ट त्यांच्या भाषेत उष्टा. आपलं उष्टं दुसऱ्याच्या ताटात वाढायचं नाही, हे ह्यांचं धंद्यातलं एकमेव तत्त्वज्ञान, आणि ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

घराखालीच गॅरेज. जुन्या गाड्यांचं सस्पेन्शन, बाकी काही नाही. नवा बोल्ट निवडताना हे पोरीसाठी स्थळ बघावं तसे बघतात. डोक्यावरचा ताकदीचा आकडा वाचायचा, जुन्याशेजारी ठेवून लांबी जुळवायची, आटे कुठून सुरू होतात ते तपासायचं. नटही नवाच हवा, कारण त्याच्या आतली नायलॉनची कडी एकदा वापरली की पुन्हा तशी धरत नाही. एखादं गिऱ्हाईक हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत स्टीलचा बोल्ट घेऊन आलं, की ह्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. हा खुर्चीला लावा, म्हणतात, खुर्ची वळणावर सुटत नाही.

काढलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर हे कानशीने फुली मारायचे आणि पिंपात टाकायचे. ते पिंप नेमकं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. शिळ्या तेलाचा वास, वर तरंगणारी झुरळं. दूध तापवतानासुद्धा मी खिडकी लावून घ्यायचे. म्हणून धाकटे दीर एक दिवस म्हणाले की भंगारवाल्याकडे मीच नेऊन टाकत जाईन, तेव्हा मला ते अगदी देवासारखे वाटले. दिरांचं स्पेअर पार्टचं दुकान शेजारच्याच गाळ्यात. धंदे दोन, चूल एक.

मग ह्यांचं मनगट मोडलं आणि हात प्लास्टरमध्ये अडकला. नेमकी तेव्हाच लेकीची गाडी पुढून धडधडायला लागली. गाडी जुनीच, जावयाच्या ऑफिसातल्या कुणाकडून घेतलेली. ह्यांना पाना धरता येत नव्हता, तेव्हा तिने चौकातल्या गॅरेजमध्ये बोल्ट बदलून घेतला. आवाज थांबला. हे मात्र प्लास्टरच्या आत धुसफुसत राहिले.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात लेकीची बदली झाली. डोंगरापलीकडच्या गावी जायचं, तान्हं बाळ मागच्या सीटवर, आणि वाटेत नुसती वळणं आणि उतार. निघायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, नुसतं बघतो. ह्यांचं नुसतं बघणं मला ठाऊक आहे. गाडी उचलली, खाली शिरले आणि रॉकेलचं फडकं मागितलं. मी ते दोन बोटांच्या चिमटीत धरून दिलं.

परत आलं ते चंदेरी होऊन. नव्या बोल्टचा खरा मुलामा फडक्याला लागत नाही, लागतो तो वरून फासलेला रंग, एवढं या घरात राहून मलाही कळतं. ह्यांनी बोल्ट काढून बाहेर आणला, पुसला. मधून खाल्लेला, गंजाचे खड्डे पडलेला, आणि डोक्यावर ह्यांच्याच हातची फुली. हे तिथेच जमिनीवर बसले.

चौकातला मेकॅनिक बिचारा सरळ होता. म्हणाला, तुमच्या भावाच्याच दुकानातून आणला, म्हटलं घरचा माल, डोळे झाकून बसवावा. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपणाला रोज दोन वेळा मी जेवायला वाढत होते.

दुपारी सगळे जेवायला बसले. ह्यांनी खिशातून बोल्ट काढला आणि दिरांच्या ताटात ठेवला. जाऊबाईंचा घास हातातच राहिला. दिरांनी बोल्टकडे बघितलं, फुली बघितली, आणि लाजतील असं मला वाटलं तर उलट समजावायलाच लागले. बाजारात सगळे हेच करतात, म्हणे. घासूनपुसून रंगवला की चालतो, आजवर एकही तक्रार आली नाही. मग लेकीकडे वळले, अगदी मायेने.

"तुझी गाडी आहे हे माहीत असतं तर नवाच दिला असता गं. मी काय राक्षस आहे का?"

त्या मायेचीच मला शिसारी आली. पिंपातल्या झुरळांची कधी आली नव्हती इतकी.

हे हळूच म्हणाले, "मग हा कुणाच्या पोरीसाठी ठेवला होतास?"

दिरांनी बोल्ट चिमटीने उचलून बाजूला ठेवला, बोटं पुसली आणि वाटी माझ्यापुढे केली. मी वाढलं नाही. त्या दिवसापासून चुली दोन झाल्या.

संध्याकाळी ह्यांनी लेकीच्या गाडीत नवा बोल्ट, नवा नट घातला. गाडी खाली घेऊन चाकांवर उभी केली आणि मगच शेवटचं आवळलं. चाक लोंबकळत असताना आवळलं तर सांध्यातलं रबर पिळून फाटतं, हे बाळाला मांडीवर घेतलेल्या लेकीला पुन्हा एकदा ऐकावं लागलं. ती सकाळी गेली, पोचल्याचा फोन आला, तेव्हा मी जेवायला बसले.

दिरांच्या दुकानातल्या खणांतले सगळे बोल्ट आम्ही दोघांनी रॉकेलने धुऊन काढले. फडकं फिरवावं तिथे फुली. आता हे काढलेला प्रत्येक बोल्ट करवतीने मधोमध कापतात. पण विकून गेलेले? ते कुणाला दिले, दिरांना आठवत नाही.

म्हणून हल्ली एखादी जुनी गाडी समोरच्या गतिरोधकावरून धडधडत गेली, की हे हातातलं काम टाकून धावतात आणि तिच्यापुढे उभे राहतात. लोक वेडा म्हणतात, एकाने ढकललंसुद्धा. मी मागून पोचते. अनोळखी माणसाला काय सांगणार, की आमच्या घरातलं उष्टं तुमच्या चाकाला लागलं असेल? मी एवढंच म्हणते, पाच मिनिटं थांबा, ह्यांना खालचा बोल्ट बघायचाय.

आणि हे गाडीखालून बाहेर आले की फडकं आधी मी ओढून घेते, चंदेरी झालंय का ते बघायला.