झाकणातला कागद

माझा धाकटा भाऊ ऋषी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कंपनी पुण्यात, काम मात्र बोरी बुद्रुकच्या आमच्या ओसरीत बसून. गेल्या वर्षी त्याला सायबर सुरक्षेच्या ऑनलाइन स्पर्धांचं खूळ लागलं. मुद्दाम कच्चे ठेवलेले प्रोग्रॅम फोडायचे आणि आत दडवलेला शब्द शोधायचा. पहिल्याच स्पर्धेत स्वारी शेवटून तिसरी आली. मी महिनाभर चिडवलं.

त्या स्पर्धकांची एक रीत होती. काय कसं फोडलं, ते लिहून सगळ्यांना दाखवायचं. ऋषीकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्याने सरावाला आमच्या विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर घेतला. त्यातल्या सिमच्या नंबरावर मेसेजमधून चार आकडे पाठवले की मोटर चालू. आकडे एक-दोन-तीन-चार, अख्ख्या वस्तीत तेच. कोणी लग्नाला गेलं तर शेजाऱ्याला त्याची मोटर लावता यावी म्हणून कोणी बदललेच नव्हते. स्टार्टरच्या पेटीच्या झाकणात आतून अकराही विहिरींच्या स्टार्टर-नंबरांचा कागदही चिकटवलेला. ऋषीने हे सगळं लिहून उघड्या पेटीचा फोटो स्पर्धकांच्या गटात टाकला, वाहवा झाली. मीही तो कौतुकाने पाहिला. कागद मलाही दिसला नाही, याची अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी मोटर आपोआप लागली. "गेणूनं लावली असंल," आमचे वडील, आप्पा, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारचा गेणू म्हणाला, "म्या नाय लावली, राव." ऋषीने फोटो मोठा करून पाहिला; झाकणातल्या कागदावरचा एकेक नंबर वाचता येत होता.

"आप्पा कुठंत?"

"विहिरीत उतरल्यात, पंपाची जाळी साफ करायला," मी म्हणाले. "मोटर बंद केलीय की मोबाईलवरनं."

तो अनवाणीच पळाला, मी मागोमाग. त्याने पेटीतले तिन्ही फ्यूज उपसले आणि तिथेच बसला. बाभळीला टांगलेल्या आप्पांच्या सदऱ्यात मोबाईल वाजला. स्टार्टरचा मेसेज होता: मोटर चालू झाली नाही, वीज नाही. चालू करायला सांगणारा नंबर अनोळखी होता.

वाचले, असं म्हणणार तेवढ्यात ओढ्यापलीकडे गेणूची मोटर सुरू झाली. मग तिच्या पुढची. कागदावर नंबर होते, त्याच क्रमाने.

"कुणाकुणाच्या मोटारी लागल्या रं?" खालून आप्पांनी विचारलं. "सावळेराम आज गाळ काढाया उतरलाय."

कागदावर सावळेराम पाचवा होता.