तेरड्यातली पाहुणी

शिवडीच्या किल्ल्यामागच्या झुडपांत एक फूल मी गेल्या वर्षी पावसाळाभर बघत होते. नखाएवढं, फिकट जांभळं, पाकळीच्या मुळाशी काळा ठिपका. नाव काय, कोणाला ठाऊक! दादरच्या फुलवालीला फोटो दाखवला, तर म्हणाली, "ताई, गवत हाय ते." शेवटी माटुंग्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या भाचीला तिथं नेलं.

"मावशी, दुर्मीळ आहे गं हे! एका पावसाचं आयुष्य. बी पडलं तरच पुढच्या वर्षी दिसणार. आणि इथं एकच रोप आहे. हात नको लावूस."

मी कशाला लावते? हात लावला आईने.

आमची गौर तेरड्याची. रानातला तेरडा मुळासकट उपटायचा, धुवायचा, साडी नेसवायची. लालबागेत जन्म गेला तरी आईला बाजारची जुडी चालत नाही; ती किल्ल्यामागे जाऊन स्वतः उपटून आणते. गौर उंबरा ओलांडून आत आली, तेव्हा तेरड्याच्या गुलाबी फुलांआडून ते जांभळं दिसलं.

"आई, हे कुठून आणलंस?"

"तेरड्यात होता. देखणा दिसला, घेऊन इलंय."

ओढायला गेले, तर फटकन हातावर बसली. "गौर घरात इली. आता मोडूची नाय."

अस्सा राग आला म्हणून सांगू! पण गौरीपुढे भांडते कोण?

दुसऱ्या दिवशी भाची आली. गौरीची साडी जरा बाजूला करून तिने मोबाईलच्या उजेडात पाहिलं. "शेंगा हिरव्या आहेत. मुळं ओली राहिली तर पिकतील कदाचित. नाहीतर संपलं."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे ही पोटुशी, आणि मी हिका उपटलंय?"

तिने पाण्याचा तांब्या आणला आणि गौरीची मुळं त्यात ठेवली. असं आमच्यात कधी करत नाहीत. विसर्जनापर्यंत शेंगा तपकिरी झाल्या. सगळे गौर घेऊन हौदाकडे निघाले, पण ती एक काडी आईने सोडवून घेतली होती.

"अगं, विसर्जन पाण्यात करतात ना?"

"बाळंतिणीक पाण्यात सोडतत काय?" म्हणाली, आणि किल्ल्यामागे जाऊन ती काडी होती तिथल्या मातीत ठेवून आली.

यंदा मी पावसाळाभर तिकडे फिरकले नाही. नसलंच तर, ही धास्ती. गौरीच्या दिवशी आई तेरडा घेऊन आली. जुडीत नुसता तेरडा. तिच्या बोटांना हळदकुंकू लागलेलं होतं.

"दोघी आसत," ती म्हणाली. "थयच पुजून इलंय."